पिंपाला पाजलेलं तेल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, म्हणून आधी तेच सांगून टाकतो. शेटजींच्या पांढऱ्या वाइनला माशाचा जो वास आला, तो माझ्या वहिनीच्या हातांचा नव्हता. तो मी आणला होता. आणि जेवणाच्या टेबलाशी तिच्यावर त्याचा आळ आला तेव्हा मी तिथेच, पिंपाच्या तोटीशी उभा होतो, आणि तोंडातून एक शब्द काढला नाही.

मी मुळात कमी बोलणारा. गावात लोक याला सभ्यपणा समजतात. पंचेचाळिशी उलटेपर्यंत गप्प राहण्याचा असा फायदाच मिळत गेला, तर माणूस बोलायला शिकणार कधी? आता शिकतोय, तेही कागदावर.

थळच्या अलीकडे सुरूच्या बनात मुंबईच्या एका पारशी शेटजींचा बंगला होता. विलायती दारू आणवून विकायची, हा त्यांचा धंदा. हिवाळ्यात ते हवा खायला येत आणि हवेबरोबर बाकीही बरंच काही खात. बंगला, वाडी आणि विहीर यांची व्यवस्था माझ्याकडे. मराठी चौथी झालेला, म्हणून मला कारभारी म्हणायचे. खरं काम कुलुपं उघडायची आणि पुन्हा लावायची. स्वयंपाक वहिनीकडे. माझा थोरला भाऊ मुंबईच्या गोदीत कामाला होता. गावच्याच गड्यांच्या खोलीत वळकटी टाकून राहायचा आणि शिमग्याला नि गणपतीला घरी यायचा. लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती, पण नवराबायकोचा संसार म्हणजे दोन सणांच्या सुट्ट्या.

एका वर्षी शेटजींनी शिडाच्या मचव्यातून एक लहानसं पिंप आणवलं. ओक नावाच्या विलायती झाडाच्या लाकडाचं, लोखंडी पट्टे बसवलेलं, पोटाशी फुगीर. आत फ्रान्सची पांढरी वाइन. इतर वाइन बाटलीत भरून विकायच्या, ही लाकडातच ठेवायची, अशी त्यांची हौस. विहिरीला लागून चिऱ्याची एक थंड खोली होती, तिथे ते ठेवलं. लाकूड सुकून उलू नये म्हणून पिंपावर गोणपाट टाकायचं आणि त्यावर रोज पाणी मारायचं, हे काम मला दिलं. हे लक्षात ठेवा.

पहिला पेला शेटजींनी माझ्याच हातात दिला. "घे नी, सांग मला, काय वास येते."

आता आमच्या घरात माडी काढण्याचा पिढीजात धंदा. वडील झाडावरून उतरता उतरता मडक्यात नाक घालून सांगायचे, ही पोरांना द्या, ही पाहुण्यांना, आणि ही आंबवून शिरका करायला ठेवा. ते नाक मला मिळालं होतं, आणि त्याबरोबर एक सवयही. आमच्यात पिण्याआधी बोट बुडवून दोन थेंब जमिनीवर शिंपडतात, गेलेल्या जुन्या माणसांच्या नावानं. पेला हातात आला आणि बोट आपसूक आत गेलं. थेंब फरशीवर पडले.

शेटजी चमकले. "आ काय केला तू?"

फ्रान्सहून आलेल्या वस्तूतला पहिला वाटा मेलेल्या आजोबांना दिला, हे पारशी मालकाला कसं सांगायचं? मी म्हणालो, "वास मोकळा होतो, शेटजी."

ते त्यांनी मनावर घेतलं. पुढे मुंबईची बडी बडी माणसं बंगल्याच्या व्हरांड्यात बसून मोठ्या गंभीरपणे बोट बुडवून शिंपडताना मी पाहिली आहेत. आमच्या आजोबांनी जन्मात अलिबागच्या पुढे पाऊल टाकलं नव्हतं, पण मेल्यावर त्यांच्याइतकी फ्रेंच वाइन आमच्या तालुक्यात कुणी प्यायली नसेल.

"आता बोल," शेटजी म्हणाले.

मी वास घेतला. "नारळ," मी म्हणालो. "जरासा भाजलेला. आणि लोणी कढवताना खाली बेरी बसते ना, तिचा."

शेटजी खुर्चीतून उठलेच. द्राक्षात नारळ कुठून येणार, तो लाकडातून येतो, ओकच्या पोटात वाइन पडून राहिली की लाकूड तिला आपला वास देतं, हे त्यांनी मला सांगितलं, आणि मग ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांना माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं. त्या दिवसापासून माझ्या नाकाला मान मिळाला. नाक तेच होतं. पण कारभारी आता खाता खाता डोळे मिटू लागला.

पुढच्या हिवाळ्याआधी शेटजी एक बेत घेऊन आले. त्यांची थोरली बहीण बंगल्यावर जेवायला येणार होती. मुंबईच्या घरात चालायचं ते तिचं. शेटजी फक्त धंद्यात शेटजी होते. ते वहिनीला समोर बोलावून म्हणाले, "बेन येणार. एकेक डिश अशी बनव, की ही वाइन तिच्याबरोबर लागली पाहिजे. बेन खूश झाली तर तुला मुंबईला घेऊन जाते. आमचा स्वयंपाकी गेला सोडून. मागे खोली आहे. तुझा घरवाला पण राहील, काय?"

वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होती. बाहेर आल्यावर मला एवढंच म्हणाली, "गेले तर तुमचे दादा सकाळचं काय खातात, ते तरी कळंल."

तिचं सगळं त्या एका जेवणावर ठरणार होतं. आणि वाइनला काय लागतं, काय लागत नाही, हे शोधायचं काम आम्हां दोघांचं. ती रांधायची, मी चाखायचो. आयुष्यात इतकी सुखाची नोकरी मला पुन्हा मिळाली नाही.

पहिल्याच दिवशी कोकम बाद झालं. पापलेटाचं आंबट कालवण खाऊन वर घोट घेतला, तर वाइन नुसती मिळमिळीत. कुणी तिचा जीव काढून घेतल्यासारखी. मग मिरची गेली. तिखटावर ती घशात जळायची आणि मागे लाकूड कडवट होऊन उरायचं.

"कोकम न्हाय, मिरची न्हाय," वहिनी म्हणाली, "मग त्या माशानं मरायचं तरी कशाला?"

"नारळाचं दूध घाल. वाइनमध्ये नारळ आहेच."

"तुमचं नाक विलायतेला गेलंय, भावोजी. बाकीचे कवा निघणार?"

जिताडा मासा नारळाच्या दुधात शिजवला, आल्याचा नुसता वास लावून. तो लागला. तांदळाच्या पिठात घोळवून तळलेले बोंबील लागले. वाइन त्यांचं तेल पुसून घ्यायची आणि पुढचा बोंबील मागायची. वालाचं बिरडं लागलं. वालाची कडसर चव आणि लाकडाची तुरट चव एकमेकींना ओळखीच्या असल्यासारख्या भेटल्या. गोडाचं मात्र जमेना. जरा गूळ जास्त झाला की वाइन तोंडात आंबायची. मी एकेका घासाला डोळे मिटून बसायचो आणि वहिनी हात कमरेवर ठेवून वाट बघायची.

"जेवताय का मंत्र म्हनताय?"

"थांब जरा."

"थांबते की. तोवर त्या बोंबलाला पुन्ना पाय फुटतील."

ती पीत नव्हती. एकदाच, मी फारच आग्रह केला तेव्हा, पेल्यात करंगळी बुडवून जिभेला लावली. चुलीत एक लाकूड सरकवलं. मग म्हणाली, "आंबटपना हाय, पन दह्याचा न्हाय. लाकूड हाय, पन धूर न्हाय. धूर आपन घालू."

म्हणजे पोपटी. वालाच्या कोवळ्या शेंगा, बटाटे, अंडी, वर-खाली भांबुर्ड्याचा पाला, मडकं गच्च भरायचं, शेतात उपडं घालायचं आणि भोवती जाळ करायचा. आमच्याकडे थंडीत घरोघर होते. तिच्याबरोबर कुणी काही पीत असेल तर माडी. त्या संध्याकाळी वाडीच्या कडेला आम्ही पोपटी लावली, आणि मी शेंग सोलून तोंडात टाकली, वर घोट घेतला आणि डोळे मिटायचे विसरलो. शेंगेचा धूर आणि वाइनचं लाकूड एकाच चुलीतून निघाल्यासारखं वाटलं.

"लागली?" वहिनीनं विचारलं.

मी मान हलवली. ती हसली नाही. पदरानं कपाळ पुसलं आणि म्हणाली, "मग झालं. बाईला हीच द्यायची, सगळ्यात शेवटी."

इथपर्यंत माझ्या हातून वाईट असं काही घडलं नव्हतं.

मार्गशीर्षात चौलच्या बाजूला जत्रा होती. मी सकाळी गेलो आणि संध्याकाळी येणार होतो. तिथे एक तंबू होता, त्यात काय होतं ते आता या वयात लिहीत नाही. दोस्त भेटले, मुक्काम झाला, मुक्कामाचा दुसरा मुक्काम झाला. गोणपाटावर पाणी मारायचं कुणालाच सांगून गेलो नव्हतो. परत येऊन विहिरीची खोली उघडली तर फरशी ओली. मला आधी बरंच वाटलं. वाटलं, कुणीतरी शहाण्या माणसानं माझ्याऐवजी पाणी मारलं. मग त्या पाण्यावर गांधीलमाश्या बसलेल्या दिसल्या. माझ्या उभ्या जन्मात विहिरीच्या पाण्यावर मी त्या इतक्या प्रेमानं बसलेल्या पाहिल्या नव्हत्या.

एक फळी उलली होती. बरीचशी वाइन अजून आत होती. जेवण चार-सहा दिवसांवर.

मी वहिनीच्या लोणच्याच्या रिकाम्या बरण्या गुपचूप नेल्या, धुतल्या, वाइन त्यात ओतली. बरण्या कुठे गेल्या म्हणून ती विचारू लागली, तर म्हटलं, शेटजींचा निरोप आहे, बंगल्यातली सगळी भांडी मोजायचीत. मग पिंप बैलगाडीत घातलं, वर पेंढा टाकला आणि थळच्या किनाऱ्यावर होड्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींकडे नेलं. म्हातारा मोठा कसबी. त्याच्या हातची होडी गळली असं कुणी म्हटलं नव्हतं.

त्यानं पिंपावर टिचकी मारून पाहिलं. "कारभारी, ह्यात ठेवता काय?"

दारूचं म्हटलं तर बोभाटा किनाऱ्यापासून आबकारीच्या शिपायापर्यंत जाणार, आणि तिथून शेटजींपर्यंत. मी म्हणालो, "पाणी."

"पानी आत, का पानी भायेर?"

"आत."

"बरं."

एवढंच बोलणं झालं. मी ओळखीच्या एका घरी जेवायला गेलो, जेवून तिथेच जरा लवंडलो. उन्हं कलल्यावर आलो तर पिंप तयार. मिस्त्रींनी तोंडाची चकती काढून, फटीत कापूस ठोसून, राळ लावून, पट्टे आवळून फळी अशी बसवली होती की शिवण दिसू नये. आणि चकती लावायच्या आधी मला कौतुकानं आत डोकावायला सांगितलं. आतून पिंप आरशासारखं चकाकत होतं.

"हे काय?"

"मुशीचं त्याल. तीन हात पाजलंय."

होडीच्या लाकडाला मुशीच्या, म्हणजे शार्क माशाच्या, काळजाचं तेल पाजायचं ही किनाऱ्यावरची रीत, आणि दुरुस्त केलेलं लाकूड कोरडं परत देणं म्हणजे मिस्त्रींच्या घराण्यात अपशकुन. होडीला पाणी बाहेरून लागतं, म्हणून तेल बाहेरून. माझ्या पिंपाला पाणी आतून लागणार होतं. मीच तसं सांगितलं होतं.

"न्हाय पाजलं तर लाकूड पानी पितंय," म्हातारा समजावून म्हणाला, "आन तुमचं पानी सरतं."

त्याच्यावर रागावणार कसा? त्यानं पाण्याच्या पिंपाचं सोनं केलं होतं. नारळ फोडून दिला, पाया पडलो आणि गाडी हाकली.

मग मी ते पिंप कशाकशानं धुतलं. गरम पाणी, राख, रिठे, चिंच, लिंबाचा पाला. एकदा तर उदबत्ती आत धरली. वाइन परत भरली आणि सकाळच्या गारठ्यात चाखली. काही नाही. जीव भांड्यात पडला. मग पेला तळहातात धरून उन्हात बसलो, वाइन जराशी कोमट झाली, आणि नारळाच्या मागून, अगदी हळू, मुशी बाहेर आली.

खरं सांगायला वेळ होता. शेटजी मुंबईहून यायचे होते. पण नोकरी जाईल ही भीती, आणि त्याहून, नाक म्हणून मिळालेला मान जाईल ही भीती. मी एक तोड काढली, आणि काढली तेव्हा मला ती फार हुशारीची वाटली. मासा लपवायचा तर माशात लपवायचा.

वहिनीला सांगितलं, "शेटजींचा निरोप आलाय. पोपटी नको. बाईंना धूर सोसत नाही."

ती अंगणात बसून भांबुर्ड्याचा पाला निवडत होती. हात थांबले. "पाला आनला की मी."

"नको म्हणाले."

"मग बिरडं?"

"तेही नको. सगळं समुद्राचं."

"पानात एक तरी भाजी?"

"सगळं समुद्राचं, वहिनी."

तिनं पाला गोळा केला आणि गाईपुढे टाकला. "पोपटी लागली म्हनून मान हलवली होतीत तुमी," एवढंच पुटपुटली. मी ऐकू न आल्यासारखं केलं.

आदल्या संध्याकाळी शेटजी आले. थंड खोलीत जाऊन, आजोबांना त्यांचा वाटा देऊन त्यांनी घोट घेतला. मी भिंतीला टेकून उभा. शेटजींनी डोळे मोठे केले.

"दर्या," ते म्हणाले. "दर्या आला आत. मी बेनला बोलत होता नी, दर्याकिनारी पिंप ठेवला तर लाकूड दर्याची हवा पिते. ती हसत होती मला. बोल, आला की नाय दर्या?"

"आला, शेटजी," मी म्हणालो. "चांगलाच आला."

मला वाटलं, सुटलो. खोटं इतकं सोपं असेल तर लोक खरं कशाला बोलतात, असंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण. शेटजींची बहीण उंच, पांढरी साडी, चष्म्याला साखळी, बोलणं कमी. आली ती आधी स्वयंपाकघरात डोकावली, भांडी बघितली, वहिनीला म्हणाली, "तू बनवते? अच्छा." मग टेबलाशी बसली. पिंप सकाळीच थंड खोलीतून टेबलाजवळ आणून ठेवलं होतं; मी त्याच्या तोटीशी. वहिनी दाराआड.

बोंबील आले. बाईंनी एक खाल्ला, घोट घेतला, दुसरा खाल्ला. शेटजींनी दर्याची गोष्ट सांगितली. बाई म्हणाल्या, "दर्या खरा आहे." तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं आलं, ओल्या खोबऱ्यातलं. बाईंनी शिंपल्यातून रस ओढून घेतला आणि पेला पुढे केला, मी भरला. पोपटीचा बेत शेटजींना मी आधीच कळवून बसलो होतो; मधेच ते म्हणाले, "पोपटी किधर?" मी वाकून हळूच सांगितलं की शेंगा किडक्या निघाल्या. वहिनी त्या वेळी चुलीकडे होती, तिला ऐकू गेलं नाही. माझी दोन खोटी एका दाराच्या दोन बाजूंना उभी होती आणि त्यांची गाठ पडू नये म्हणून मी सारखा दाराकडे बघत होतो.

मग जिताडा. पांढऱ्या रसात पांढरा मासा, वर नुसता आल्याचा सुवास. बाईंनी रसाचा शेवटचा थेंबही चमच्यानं टिपला. मग दाराकडे बघून म्हणाल्या, "मुंबईला असाच बनवशील?"

वहिनीनं मान डोलावली. पदर इतका पुढे ओढला होता की तिचा चेहरा मला दिसला नाही. पण दाराच्या चौकटीवर तिचे हात होते आणि तिनं चौकट घट्ट धरली होती.

तिथे जेवण संपलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती.

पण पोपटी हातची गेल्यावर वहिनीनं मला न विचारता एक पदार्थ केला होता. खापरोळ्या. जाळीदार, मऊ, नारळाच्या दुधात बुडवलेल्या. गोडानं वाइन आंबते हे तिला ठाऊक होतं, म्हणून गुळाचा खडा फक्त दाखवल्यासारखा आणि वर मिठाची कणी. तिचा हिशोब बरोबर होता. लाकडात नारळ आहे, हे मीच तिला सांगितलं होतं; नारळाला नारळ भेटवायचा. त्या वाइनला माझा हात लागला नसता, तर पोपटीच्याही वर लागल्या असत्या.

तोवर दुपार चढली होती. पेले कोमट झाले होते. आणि टेबलावर आता एकही मासा नव्हता.

बाईंनी खापरोळीचा घास घेतला. चेहरा उजळला. मग घोट घेतला. पेला खाली ठेवला, पुन्हा उचलला, नाकाशी नेला.

"हे ग्लास कोणी धुतले?"

शेटजींनीही वास घेतला. त्यांना तो आलेला मी पाहिला. त्यांनी पिंपाकडे बघितलं, मग बहिणीकडे.

दारातून वहिनी म्हणाली, "मी धुतले, बाईसाहेब. राखेनं धुतले, लिंबानं धुतले."

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "तू धुतले म्हणूनच, बाय," त्या म्हणाल्या. "हाताला मच्छी राहते. तुझा जेवण एकदम अच्छा. पण आमच्याकडे पाहुणे येतात, काचेचा काम असते. मुंबईला नाय चालणार."

"हां, ग्लास," शेटजी घाईनं म्हणाले. "ग्लासच असेल." त्यांचा दर्या वाचला होता.

मी तोटीशी उभा होतो. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "पाणी आणतो," आणि आणायला गेलो.

आता जे सांगतो ते त्याहून वाईट. नोकरीच्या भीतीनं गप्प राहिलो, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो आहे. भीती होतीच. पण विहिरीवर कळशी सोडताना माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते असं, की वहिनी आता जात नाही, म्हणजे जिताडा इथेच राहिला. भलतंसलतं मनात आणू नका; माझं पाप सगळं पोटाचं. ती मुंबईला गेली असती तर मला वडिलांच्या हातची पेज खावी लागली असती. भावाचा संसार एका पारड्यात आणि खापरोळ्या दुसऱ्या, आणि पारडं कुठे झुकलं ते मला स्पष्ट दिसलं. मी कळशी भरून घेतली आणि परत आलो.

पाहुणे व्हरांड्यात गेल्यावर स्वयंपाकघरात गेलो. वहिनी पाटावर बसली होती. रडत नव्हती. हात नाकाशी नेऊन वास घेत होती. तळवा, मग बोटं, मग नखं.

"भावोजी, तुमचं नाक चांगलं हाय," ती म्हणाली आणि दोन्ही हात माझ्यापुढे धरले. "बघा हो, येतो का वास? मला मेलीला कळंना झालंय."

मी वाकलो. तिच्या हातांना लिंबाचा, राखेचा आणि नारळाच्या दुधाचा वास येत होता. दुसरा कुठलाही नाही. हे मी जितक्या खात्रीनं सांगू शकतो, तितक्या खात्रीनं त्या वाइनबद्दलही कधी काही सांगितलेलं नाही.

"मला काही कळत नाही," मी म्हणालो.

"थोडा येत असंल," ती म्हणाली. "बाईसाहेब खोटं कशाला बोलतील?" मग उठली, माझ्यापुढे ताटली ठेवली. उरलेल्या खापरोळ्या होत्या. मी खाल्ल्या. आणखी मागितल्या.

त्या पिंपातली वाइन शेटजींनी पुढे एकट्यानंच संपवली. बाटलीत भरून मुंबईला न्यायचं नाव त्यांनी काढलं नाही, आणि मलाही पुन्हा वास विचारला नाही. त्यांना काय कळलं होतं, हे मी कधी विचारलं नाही. दोन-तीन हिवाळ्यांनी बंगला विकला गेला. माझं लग्न झालं, मुलं झाली. दादा मुंबईतच राहिला, खानावळीचं खात, शिमग्याला नि गणपतीला येत. गेल्या वर्षापासून कायमचा घरी आहे. छाती धरते, काम होत नाही. वहिनीच्या हातचं खातो आणि मोजकं बोलतो. घराणंच तसं.

वहिनी अजून रांधते. कुठल्याही पाहुण्याच्या हातात भांडं द्यायच्या आधी ती क्षणभर पाठ फिरवते आणि बोटं नाकाशी नेते. सुनांना वाटतं, तिची ती लकबच आहे. लग्नकार्याला शेजारचे स्वयंपाकाला बोलावतात, तर भात-वरण करते, पानं वाढत नाही. म्हणते, माझ्या हाताला वास हाय.

तिला वाचता येत नाही. म्हणजे हे एवढं लिहून मी तिला काहीच सांगितलेलं नाही, हे मला ठाऊक आहे. ती आत्ता परसात बसून वाल सोलते आहे. दादा ओसरीवर आहे. दोघांसमोर उभं राहून मला सांगायचं आहे की वहिनी, तुझ्या हातांना वास नव्हता. पिंप मी नासवलं, पोपटी मी बंद केली, आणि तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोललो. एवढं मी तिचं देणं लागतो, आणि ते अजून दिलेलं नाही.